लातूरच्या उन्हात रंगीत सक्युलंट जगवायचंय, मागच्या मे महिन्यात दोन गेले, तिसरा वाचवायचाय

औशाची_बाग · २६ मार्च

नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच विचारायलेय, जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी लातूर जिल्ह्यात औशाजवळ राहते, घर गावाबाहेर, भोवती सगळी काळी जमीन, अंगणात एक मोठा लिंब (कडुलिंब) आणि वर स्लॅबची गच्ची. दीड वर्षामागं दिवाळीच्या टायमाला एका प्रदर्शनातून तीन रंगीत सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं) आणले, दोन 'पर्ल फॉन न्यूर्नबर्ग' आणि एक 'फ्रेड आईव्ज' म्हणून मिळतं ते ग्राप्टोव्हेरिया. विकणाऱ्यानं सांगितलं की हे कॅक्टससारखंच वाळवंटातलं झाड आहे, ऊन जेवढं जास्त तेवढा रंग, बिनधास्त गच्चीत ठेवा. थंडीत खरंच काय रंग होता म्हणून सांगू, पर्लचं एकेक पान जांभळट गुलाबी आणि कडेला फिकट, वरून पिठी पसरल्यासारखी पांढरी झाक, हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाकून वाकून विचारायच्या की हे खरं आहे का प्लास्टिकचं.

आणि मागच्या मे महिन्यात दोन्ही पर्ल आठ दिवसात गेले. सकाळी बघावं तर बरं दिसायचं, संध्याकाळी खालची पानं पाणी भरल्यासारखी पिवळट पारदर्शक, बोट लावलं की गळून हातात. तिसऱ्या दिवशी उचलून बघितलं तर खोड काळं पडलेलं, मुळं नाहीतच, कुंडीत नुसती ओली माती. मला वाटलं उन्हानं सुकायलंय म्हणून मी रोज संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीच्या नळानं तांब्याभर पाणी घालत होते. मनाला फार लागलं ते.

फ्रेड आईव्ज तेवढं वाचलं, कारण भिऊन त्याला आत व्हरांड्यात आणून ठेवलं होतं. पण तेव्हापासून ते हिरवंगार झालंय आणि मान लांब करून वाढलंय, रंगाचा पत्ता नाही. आता त्याला तीन डोकी आहेत. पाडवा झाला, ऊन तापायला लागलंय, आणि मला रोज तेच दिसायलंय की पुन्हा मे येणार. त्याला बाहेर काढू का आतच ठेवू, माती कोणती घालू (आमची काळी माती आणि शेणखत निम्मं निम्मं आहे सध्या), पाणी किती? आमच्याकडं रंगीत सक्युलंट जमतच नसतील तर तसंही स्पष्ट सांगा.

---

गच्चीवरची_परभणी · २६ मार्च

ताई, जमतात. मी परभणीत आठ वर्षं झाली लावायलेय आणि पहिल्या दोन वर्षात तुझ्यापेक्षा जास्त घालवलेत, म्हणून सगळं सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढ, ते ऊन लागून मेले नाहीत आणि पाणी कमी पडून तर अजिबातच नाही. उन्हानं पान भाजलं तर त्याच्यावर कोरडा तपकिरी डाग पडतो, कागद जळाल्यासारखा, आणि तो डाग तसाच राहतो पण झाड जगतं. पान पारदर्शक होऊन गळायलंय म्हणजे मुळं शिजली. आणि कशानं शिजली ते तूच लिहिलंयस बघ, गच्चीवरच्या टाकीचं पाणी. मे महिन्यात संध्याकाळी सहाला त्या नळाखाली हात धरून बघ, चटका बसतो. दिवसभर तापलेली कुंडी, खाली तापलेला स्लॅब, काळी माती जी चार दिवस ओल सोडत नाही, आणि वरून ते कढत पाणी. जगणार कसं?

दुसरं, हे समजायला मला फार वेळ लागला. आपल्याला वाटतं की सक्युलंट म्हणजे वाळवंट. तुझी पर्ल एचेव्हेरिया गटातली, आणि एचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, उंचावरची झाडं आहेत. तिथं दिवसा कडक ऊन असतं पण रात्री गारवा येतो. आणि ह्या झाडांचा श्वास रात्रीचा असतो. आपली तुळस, जास्वंद दिवसा पानांची छिद्रं उघडतात, ही झाडं दिवसा बंद ठेवतात म्हणजे पाणी उडून जात नाही, आणि रात्री गार झाल्यावर उघडून हवा घेतात. आता आपल्याकडं मे महिन्यात दिवसा ४३ आणि रात्री २८, आणि गच्चीवर तर स्लॅब पहाटेपर्यंत धग सोडत राहतो, तर ते झाड रात्रीसुद्धा तोंड उघडत नाही. उपाशी राहतं आणि झोपी जातं. झोपलेल्या झाडाला आपण तांब्याभर पाणी पाजायचं म्हणजे ते कुंडीतच सडणार.

म्हणून मे महिन्यात मी दिवसाचा विचार कमी करते, रात्रीचा जास्त. झाडाला रात्र गार मिळाली पाहिजे. १५ एप्रिलच्या आत माझ्या सगळ्या कुंड्या गच्चीवरनं खाली येतात, मातीच्या अंगणात, पूर्वेच्या बाजूला. सकाळचं ऊन नऊ साडेनऊपर्यंत खातात, नंतर सावली. पश्चिमेला तुराट्यांचा तट्टा उभा केलाय माझ्या दिरानं, त्याच्यातनं वारा येतो पण झळ येत नाही, पत्र्यापेक्षा कितीतरी चांगला, पत्रा तर उलटा भट्टी करतो. शेडनेट लावणार असशील तर ५० टक्क्यांची लाव आणि डोक्याच्या वर लाव, कुंडीला चिकटून लावली की खाली गरम हवा कोंडते. संध्याकाळी अंगणात सडा टाकते मी, कुंडीत नाही, जमिनीवर, त्यानं रात्री तेवढा गारवा होतो.

कुंडी मातीचीच घे, प्लास्टिकची काळी तर बिलकुल नको. मातीची कुंडी माठासारखीच झिरपते आणि गार राहते. आमच्याकडं रांजणाखाली वाळू असते ना कायम ओली, त्याच्या बाजूला हातभर अंतरावर माझी सगळ्यात नाजूक तीन झाडं असतात पूर्ण मे महिना, तिथं हात लावून बघितलं तर फरक लगेच कळतो.

पाणी पहाटे पाचला, गार, आठ दहा दिवसातनं एकदा, तेही कुंडीच्या कडेनं वाटीभर. पानाला हात लावून बघ, कडक आहे तर पाणी नको. थोडं मऊ पडलं, सुरकुती आली की मग.

---

मुरूम_आणि_माती · २७ मार्च

मावशींनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त मातीचं बोलतो, बीडला असतो, शेतीचं शिक्षण झालंय.

काळी माती ह्या झाडांना विषच समजा. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात, शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा बघता ना, तेच कुंडीत छोट्या प्रमाणात होतं आणि बारीक मुळं तुटतात. फुगली की हवा बंद. त्यात निम्मं शेणखत म्हणजे नत्र भरपूर, नत्र जास्त झालं की पान मऊ, हिरवं, मोठं होतं, रंग जातो. तुमचं झाड हिरवं व्हायला सावली तर कारण आहेच पण हे पण आहे.

पुण्या-मुंबईचे लोक पर्लाइट आणि प्युमिस (हलके, सच्छिद्र खडे) सांगतात, ते विकत घेऊन परवडत असेल तर घ्या, पण आपल्याकडं मुरूम फुकट आहे. कुठंही रस्त्याचं किंवा विहिरीचं काम चालू असेल तिथून एक पोतं आणा. पण सगळा मुरूम चालत नाही हे लक्षात ठेवा, काही मुरूम इतका मऊ असतो की दोन पावसात त्याचा चिखल होतो. मूठभर खडे रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी बोटात दाबा, भुगा झाला तर तो टाकून द्या, टणक राहिला तो घ्या. मग गव्हाच्या चाळणीनं चाळा, खाली पडेल ती सगळी धूळ टाका, वर राहील त्यातले ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे ठेवा, मोठे काढून टाका, आणि एकदा पाण्यानं धुवून वाळवा. असा मुरूम चार भाग, विटांचा चुरा तसाच चाळलेला एक भाग, चांगलं जुनं गांडूळखत एक भाग. बस. पाणी घातलं की लगेच खालून निघालं पाहिजे, वर तळं साचलं तर अजून धूळ आहे त्यात.

आणि नावाबद्दल थोडं, कारण निवड करताना उपयोगी पडतं. ग्राप्टोव्हेरिया म्हणजे ग्राप्टोपेटॅलम आणि एचेव्हेरिया ह्या दोन वेगळ्या वंशांचा संकर, आपण देशी गाईला संकरित वळू देतो तसंच समजा. पर्ल फॉन न्यूर्नबर्ग म्हणजे 'न्यूरेम्बर्गचा मोती', तो जर्मनीत रिचर्ड ग्रेझर ह्यांनी १९३०च्या दशकात केलेला, त्याचे आईबाप दोन्ही एचेव्हेरिया. फ्रेड आईव्जमध्ये एक बाजू ग्राप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्सची आहे, नाव पॅराग्वेचं असलं तरी झाड मेक्सिकोचंच आहे, आणि ते फार चिवट, नुसतं पान पडलं तरी तिथं रुजतं. त्यामुळं तुमचं फ्रेड आईव्ज वाचलं ते व्हरांड्यामुळं तर आहेच पण रक्तात पण आहे. मराठवाड्यात सुरुवात करणाऱ्यानं ग्राप्टोव्हेरिया आणि ग्राप्टोसेडम (ग्राप्टोपेटॅलम आणि सेडमचा संकर) घ्यावं, पातळ पानाच्या एचेव्हेरिया नंतर.

---

जालन्याचा_अडेनियम · २७ मार्च

राग मानू नका ताई पण मी वेगळं सांगतो. माझं मत असं आहे की जे झाड आपल्या हवेत खुश आहे तेच लावावं. अडेनियम बघा, जाड बुंध्याचं फुलझाड, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेचं, त्याला ४४ डिग्रीत फुलं येतात, आज बाजारात त्याचे एवढे हायब्रिड आहेत, गडद लाल, दुहेरी पाकळ्यांचे, पांढऱ्यावर गुलाबी कडा. माझ्याकडं गच्चीवर १४ कुंड्या आहेत आणि मे महिन्यात गच्ची लग्नाच्या मांडवासारखी दिसते. तेवढंच कष्ट, आणि मरण नाही. फक्त थंडीत पाणी तोडायचं.

---

गच्चीवरची_परभणी · २७ मार्च

दादा तुमचं पटतंय, माझ्याकडंही अडेनियम आहेत. पण ताईला पानाचा रंग आवडलाय, फुलाचा नाही, ती गोष्टच वेगळी. आणि आपल्या थंडीला विसरू नका. परभणीचा पारा डिसेंबरमध्ये किती खाली जातो ते पेपरात रोज येतं, दिवसा कोवळं ऊन, रात्री कडाका. तुमचं अडेनियम तेव्हा पानं गाळून बसतं आणि माझी ग्राप्टोव्हेरिया तेव्हाच रंगतात. चार महिने जपायचं आणि चार महिने डोळे भरून बघायचं असं आहे ते.

---

अंबाजोगाई_ते_फिनिक्स · २८ मार्च

मी मूळचा अंबाजोगाईचा, सहा वर्षं झाली अमेरिकेत अॅरिझोनात फिनिक्सला आहे. खरंखुरं वाळवंट, दारात निवडुंग. मावशींचं ते रात्रीचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

२०२३च्या उन्हाळ्यात इथं सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या हिशोबानं ४३च्या वर. आणि रात्री तर, १९ जुलैला सगळ्यात कमी तापमान ३६ होतं, सगळ्यात कमी! तेव्हा इथले सग्वारो, ते चित्रात दिसणारे हात वर केलेले उंच निवडुंग, जे शंभर शंभर वर्षं ह्याच वाळवंटात उभे आहेत, त्यांचे हात गळून पडायला लागले, काही तर अख्खे कोसळले. इथं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन आहे, १९३९ पासूनचं, तिथल्या लोकांनी तेव्हा हेच सांगितलं होतं की दिवसाचं ऊन त्यांना सोसतं पण रात्री गार होत नाही म्हणून त्यांना श्वास घेता येत नाही. माझ्या घराशेजारी एक होता, सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा त्याचा एक हात रस्त्यावर पडलेला, आतनं ओला, हिरवा, हाताला गरम लागला. आपल्याकडं वडाची फांदी पडल्यावर जसं वाटतं तसं वाटलं.

तर ताई, सग्वारोची ही गत तर पर्लचं काय घेऊन बसलात, तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका.

इथं लोक एचेव्हेरिया उन्हाळ्यात मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत ठेवतात, पालो व्हर्डे नावाचं झाड आहे, आपल्या बाभळीसारखं बारीक पानाचं. तुमच्याकडं लिंब आहे ना, तीच सावली. आणि अजून एक करतात, मोठ्या मातीच्या कुंडीत लहान कुंडी ठेवायची आणि मधल्या जागेत जाडी वाळू भरायची, ऊन बाहेरच्या कुंडीला लागतं, मुळांपर्यंत पोचत नाही. ती वाळू थोडी ओली ठेवली तर अजून चांगलं. रंगीत पानाचंच हवं असेल आणि पुढं कधी मिळालं तर मँगेव्ह बघा, अगेव्ह (घायपातीच्या जातीचं झाड) आणि मॅनफ्रेडाचा संकर, हिरव्यावर जांभळे ठिपके असतात, ते एचेव्हेरियापेक्षा उन्हाला कितीतरी दमदार आहे.

---

औशाची_बाग · २९ मार्च

वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं खरं सांगते. टाकीच्या नळाखाली आज संध्याकाळी हात धरून बघितला, आत्ता मार्चमध्येच कोमट आहे, मे महिन्यात काय होत असेल. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते दिवस आम्ही काढलेत, तेव्हापासून झाडाला पाणी कमी पडू नये हीच धास्ती असते मनात, आणि त्याच धास्तीनं मारलं बघा त्यांना.

दोन गोष्टी विचारायच्यात. लिंबाखाली ठेवलं तर लिंबाचा मोहोर पडायलाय सध्या, चालेल का? आणि आमचं बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो, तर फिल्टरचं बाहेर पडतं ते पाणी घालू का?

---

मुरूम_आणि_माती · २९ मार्च

फिल्टरमधनं बाहेर टाकलेलं पाणी अजिबात नको, त्यात क्षार बोअरपेक्षा जास्त असतात, गाळून उरलेले सगळे त्यातच येतात. कुलरच्या टाकीतलं पण नको, पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात, आठवडाभरात ते खारं होतं. शेजारी कुणाकडं एसी असेल तर त्याच्या नळीतनं टपकतं ते पाणी बाटलीत धरा, त्यात क्षार जवळपास नसतातच. आठवड्याला वाटीभरच लागतंय, सहज पुरतं. आणि जूनमध्ये दोन कॅन पावसाचं पाणी भरून सावलीत ठेवा.

---

गच्चीवरची_परभणी · २९ मार्च

मोहोर चालणार नाही, तोच सांगायचा राहिला. तो बारीक असतो, पानांच्या मधोमध जाऊन बसतो, पहाटेच्या ओलीनं कुजतो आणि मधला कोंब घेऊन जातो. माझं एक असंच गेलं. महिनाभर दांडीवर जुनी ओढणी बांध वरून, मोहोर संपला की काढ. आणि आत पडलेला बोटानं काढू नकोस, पानावरची ती पांढरी पिठी असते ना ती झाडाची छत्री आहे, एकदा पुसली की त्या पानावर परत येत नाही आणि तिथंच ऊन भाजतं. मऊ कुंचला ठेव, नाहीतर फुंकर मार. जूनमध्ये लिंबोळ्या पडतील तेव्हा परत तेच.

आता ते लांब मान झालेलं, त्याचं डोकं काप. दोन बोटं दांडा ठेवून धारदार सुरीनं, सावलीत सहा सात दिवस तसंच पडू दे, कापलेली जागा वाळून टणक झाली की मुरमावर नुसतं टेकव. पण आता फक्त एक डोकं काप, बाकी दोन राहू दे, उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी परीक्षा घेऊ नये. बाहेर काढताना पण एकदम नको, रोज पाऊण तास, मग दीड तास, असं दोन आठवड्यात ने. वर्षभर सावलीत राहिलेल्या पानाला एका दुपारीत डाग पडतो.

---

औशाची_बाग · १८ जून

सांगायला आले. मृग लागल्यावर दोन चांगले पाऊस झाले आमच्याकडं, आणि तीनपैकी दोन डोकी जिवंत आहेत! जे कापून लावलं होतं ते गेलं, त्याला मुळं फुटायच्या आतच मे आला. मूळ कुंडीतली दोन्ही टिकली. कुंडीत कुंडी केली, मध्ये वाळू, आणि रांजणाच्या बाजूला लिंबाखाली. पहाटे उठून आधी तिथंच जायचे. मे महिन्याच्या शेवटी खालची पानं सुकून कागदासारखी झाली आणि वरची आत मिटली, कोबीच्या गड्ड्यासारखी, मी घाबरले होते पण पाणी घातलं नाही, मावशींचं ऐकलं. परवाच्या पावसानंतर सकाळी बघितलं तर गड्डा उघडलेला.

आता पाऊस सुरू झालाय तर उघड्यावरच ठेवू का? आणि सुकलेल्या पानांच्या खाली कापसासारखं पांढरं काहीतरी दिसायलंय.

---

गच्चीवरची_परभणी · १८ जून

शाब्बास पोरी!! लई आनंद झाला.

पावसात नको, लगेच उचल. एखादा पाऊस अंगावर घेतला तर छान, पण झड लागली की चार दिवसात सडतं. वळचणीला उजेडात ठेव, वारा लागला पाहिजे. आणि ते कापसासारखं म्हणजे पिठ्या ढेकूण. सुकलेली खालची सगळी पानं आजच ओढून काढ, तो त्याच्याच खाली लपतो. मेडिकलमधनं स्पिरिट आण, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं एकेक टिप, संध्याकाळी कर, ऊन असताना नको. तीन चार दिवसांनी परत बघ, एका वेळेस जात नाही. निंबोळी तेल फवारू नकोस ह्याच्यावर, पिठी धुवून जाते आणि वरनं ऊन लागलं की तेलानं पान भाजतं.

---

औशाची_बाग · २१ डिसेंबर

आज सकाळी फार थंडी होती, शेकोटी पेटवली होती अंगणात. महिनाभर झालं कुंडी गच्चीवर नेली आहे, दिवसभर ऊन खाते. मधली पानं अजून निळसर राखाडी आहेत, त्याच्या बाहेरच्या ओळीत जांभळी झाक आलीय आणि सगळ्यात खालची पानं तांब्याच्या भांड्यासारखी, चिंच लावून नुकतंच घासलेलं असतं ना तशी, कडेला गुलाबी. दव पडलं होतं तर पाण्याचे थेंब पिठीवर चिकटतच नव्हते, नुसते घरंगळत होते.

बुडाशी चार पिल्लं आलीत. दोन काढून वाळत घातलीत सूपात. मावशी, पुढच्या महिन्यात मला परभणीला यायचंय माहेरच्या लग्नाला, तुमच्यासाठी एक घेऊन येते. दुसरं जालन्याच्या दादांना, अडेनियमच्या फांदीच्या बदल्यात.

---

जालन्याचा_अडेनियम · २१ डिसेंबर

फांदी आत्ता नको ताई, थंडीत रुजत नाही. फेब्रुवारी संपू द्या, गडद लालवाली ठेवतो तुमच्यासाठी.